घरातल्या माणसाचं मेथाडोन सुरू होतंय? आधी हे वाचा

माझा धाकटा भाऊ नऊ वर्षं गर्द ओढत होता. त्या नऊ वर्षांत तो चार वेळा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला. चारही वेळा अंगानं भरून, हसऱ्या तोंडानं घरी परतला आणि चारही वेळा महिना-दीड महिन्यात पुन्हा पन्नी नि काडेपेटी घेऊन संडासात जाऊन बसला. पाचव्या वेळी मेथाडोन सुरू झालं, म्हणजे गर्दच्या जागी रोज घ्यायचं औषध. त्याला आता सहा वर्षं होत आली. सकाळी डोस पितो, तिथूनच कामावर जातो, महिन्याला आईच्या हातात पैसे ठेवतो.

सुरुवातीच्या दिवसांत आम्हाला काहीही माहीत नव्हतं. डॉक्टर सांगायचे, पण घाईत. अर्धं डोक्यावरून जायचं आणि उरलेलं घरी येईपर्यंत विसरायला व्हायचं. तेव्हा कुणी शेजारी बसवून जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. खालचे आकडे समजून घेण्यासाठी आहेत. डोस ठरवायचा तो तपासणाऱ्या डॉक्टरांनीच. ‘तुम्ही’ म्हणते तेव्हा औषध घेणारा आणि त्याच्या घरचे, दोघांशीही बोलते आहे.

हे औषध कशावर चालतं

गर्द म्हणजे ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचं हेरॉइन. हेरॉइन, अफू, मॉर्फिन, कोडीनवाली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सगळी एकाच घरातली. त्यांना ओपिऑइड म्हणतात. मेथाडोनही त्याच घरातलं आहे, आणि म्हणूनच ते फक्त याच व्यसनांवर चालतं. दारू, गांजा किंवा एमडीवर (मेफेड्रोन) त्याचा काही उपयोग नाही. केंद्राच्या बाकड्यावर मला एमडी घेणाऱ्या मुलांच्या आया भेटल्या आहेत, लांबून लांबून आलेल्या. त्यांच्यासाठी वेगळे उपचार आहेत. ते मिळवावेत, पण मेथाडोनच्या मागे वेळ घालवू नये.

आता तो प्रश्न, जो आमच्या मामानं पहिल्याच दिवशी विचारला: ‘एक नशा सोडून दुसरी लावायची, यात काय मिळवलं?’

गर्द ओढणाऱ्याचा दिवस आठवा. असर चार-सहा तास. मग नाक गळायला लागतं, जांभया, पोटात कळ, हाडं दुखतात, अंगावर काटा. मुलं याला टर्की म्हणतात. टर्की लागली की पुडीसाठी पैसे, पैशासाठी खोटं किंवा चोरी, पुडी, पुन्हा चार तास. आमच्या भावाचा दिवस असा तुकड्यातुकड्यांत कापलेला होता आणि त्या तुकड्यांत नोकरी, जेवण, आई, कशालाच जागा नव्हती. मेथाडोन तोंडानं घ्यायचं, हळूहळू चढणारं आणि दिवसभर टिकणारं औषध आहे. डोस नीट बसला की टर्की नाही, डोळे मिटत नाहीत, वरून गर्द घेतली तरी पूर्वीसारखी चढत नाही. शरीराला ओपिऑइडची सवय राहते, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण दिवस सलग होतो. चोवीस तासांचा.

ही पद्धत नवी नाही. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या दोन डॉक्टरांनी १९६५ मध्ये हेरॉइनच्या २२ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला, तिथून ती जगभर गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मेथाडोन २००५ पासून आहे.

आपल्याकडे ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर मुंबई-पुण्यात पसरली. १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि पूर्णपणे सोडून, गटाच्या आधारानं सावरण्याची वाट महाराष्ट्रातल्या हजारो घरांना मिळाली. ती वाट ज्याला लागू पडते त्यानं ती सोडू नये. माझ्या भावाला ती चार वेळा पुरली नाही, एवढंच. वाट दुसरी घेतली म्हणून तो कमी शूर ठरत नाही.

कुठे जायचं

मेथाडोन औषधाच्या दुकानात मिळत नाही. कुणी बाहेरून आणून देतो म्हणाला तर त्याच्यापासून लांब राहा. भारतात ते २०१२ च्या सुमारास मोजक्या सरकारी ठिकाणी सुरू झालं: दिल्लीचं एम्स, पंजाब, इंफाळ आणि मुंबईचं केईएम. आजही केंद्रं थोडीच आहेत. त्यामुळे निघण्याआधी फोन करून ‘नवीन रुग्ण घेताय का, कुठल्या वारी, किती वाजता’ एवढं विचारूनच निघा. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन आहे. एचआयव्हीसंबंधी १०९७ वरही जवळच्या केंद्राची माहिती मिळते, कारण सुया वापरणाऱ्यांसाठीची बरीचशी केंद्रं राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात चालतात. लोक त्यांना ‘ओएसटी सेंटर’ म्हणतात; ओएसटी म्हणजे नशेच्या ओपिऑइडच्या जागी औषध देण्याचा उपचार.

तुमच्या जिल्ह्यात मेथाडोन नसेल, पण ब्युप्रेनॉर्फिन असू शकेल. जिभेखाली ठेवायची ही गोळी आपल्याकडे मेथाडोनपेक्षा कितीतरी जास्त ठिकाणी मिळते. तिचा जोर एका मर्यादेपुढे वाढत नाही, त्यामुळे एकटी घेतली तर जास्त डोसनं श्वास थांबण्याचा धोका कमी. पण एक अट आहे. ती सुरू करताना आधीच्या नशेचा असर उतरलेला, टर्की थोडी लागलेली असावी लागते. गर्द घेऊन निदान बारा तास गेलेले हवेत, नाहीतर गोळीच भयंकर टर्की आणते. घाबरून ‘हे औषध मला मानवत नाही’ म्हणत पळून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांना ही एवढी गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मेथाडोनसाठी इथवर थांबावं लागत नाही, मात्र नशेत झुलत गेलात तर त्या दिवशी डोस मिळणार नाही आणि तेच बरोबर आहे.

दोन्हींत चांगलं कुठलं, यावर वेळ घालवू नका. जे रोज गाठता येईल ते चांगलं.

पहिल्या भेटीत खरं सांगा

ओळखपत्र आणि आधीच्या उपचारांचे कागद असतील तर न्या. नसले तरी जा. लघवीची तपासणी होईल, एचआयव्ही आणि कावीळ बी-सी यांच्या चाचण्या सुचवतील, जमलं तर हृदयाचा आलेख काढतील. कावीळ सी निघाली तर हादरू नका. तिच्यावर आता गोळ्यांचा कोर्स आहे आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो.

डॉक्टर विचारतील: काय घेता, किती, कधीपासून, शेवटचं कधी घेतलं, सोबत आणखी काय. इथे आमच्याकडून चूक झाली. भाऊ गर्दबरोबर रात्री ‘बटन’ घ्यायचा, म्हणजे नायट्रझेपामच्या झोपेच्या गोळ्या. आईसमोर सांगायला लाजला, म्हणून बोलला नाही. मेथाडोनवर झोपेच्या गोळ्या किंवा दारू पडली की श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जातो. नशिबानं तिसऱ्या दिवशी सिस्टरनी त्याची जड जीभ ओळखली. म्हणून घरच्यांनो, पहिल्या भेटीत पाच मिनिटं खोलीबाहेर जाऊन थांबा. त्याला एकट्याला बोलू द्या. वर्षानुवर्षं रोज बटन घेत असेल तर ते एकदम तोडायचंही नाही, झटके येऊ शकतात. डॉक्टर ते हळूहळू उतरवतात. पण त्यांना माहीत असेल तरच.

पोलिसांची भीती सगळ्यांनाच असते. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४ अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा लागलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतलं जातं. म्हणून केंद्राचं कार्ड जपून ठेवा.

पहिले दोन आठवडे

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका.

मेथाडोन शरीरातून फार सावकाश जातं. माणसामाणसात फरक असतो, पण साधारण एका दिवसात निम्मं जातं असं धरू. पहिल्या दिवशी २० मिलिग्रॅम दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात १० उरलेलं असतं, त्यावर नवे २०, झाले ३०. तिसऱ्या दिवशी १५ अधिक २०, म्हणजे ३५. चौथ्या दिवशी ३७ च्या वर. डोस तोच, पण अंगातलं औषध पाच-सहा दिवसांत जवळजवळ दुप्पट होतं. पहिल्या दिवशी जो डोस कमी वाटला, तोच पाचव्या दिवशी जास्त होऊ शकतो. मेथाडोनवरचे मृत्यू सुरुवातीच्या या आठवड्यांत जास्त होतात, ते याच कारणानं.

म्हणून डॉक्टर सुरुवात छोटी ठेवतात: साधारण १५ ते ३० मिलिग्रॅम, पहिल्या दिवशी ४० च्या वर नाही. मग काही दिवसांच्या अंतरानं पाच-दहा मिलिग्रॅम वाढवत नेतात. बहुतेकांचा डोस शेवटी ६० ते १२० च्या दरम्यान कुठेतरी बसतो. म्हणजे नीट बरं वाटायला दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. तोवर संध्याकाळपासून थोडी टर्की लागेल, झोप येणार नाही, पाय ओढल्यासारखे होतील. भाऊ चौथ्या रात्री भिंतीवर डोकं आपटत होता, ‘ताई, हे पाणी देतायत मला’ म्हणत. मी दुसऱ्या दिवशी सिस्टरशी भांडले. त्यांनी शांतपणे वरचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. तो कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे.

या दिवसांत मधेच गर्द घेतली जाण्याची शक्यता खरी आहे. घेतली तर दुसऱ्या दिवशी डोसच्या आधी सांगा. बहुतेक ठिकाणी त्यासाठी हाकलत नाहीत. न सांगता डोस वाढवून घेतला तर जिवावर बेततं. आणि एकट्यानं, बंद दाराआड गर्द घेऊ नका.

घरच्यांचं काम रात्री असतं. डोस सकाळी घेतला तरी त्याचा जोर दोन-चार तासांनी चढतो आणि झोपेत धोका वाढतो. पहिले पंधरा दिवस त्याच्या खोलीचं दार उघडं ठेवा, रात्री एक-दोनदा उठून बघा. नेहमीचं घोरणं वेगळं. घशात पाणी अडकल्यासारखं खरखर घोरणं, ओठ-नखं निळसर, हाक मारून, चिमटा काढून, छातीच्या हाडावर बोटं रगडूनही जाग नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली: यातलं काही दिसलं तर ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणू नका. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल तर डोकं मागे करून, नाक दाबून, तोंडानं श्वास द्या, दर पाच सेकंदांनी एक. मिठाचं पाणी पाजणं, मिठाचं पाणी शिरेत टोचणं, बादलीभर गार पाणी ओतणं हे वस्तीत सांगितले जाणारे उपाय जीव घेतात. रुग्णालयात ‘मेथाडोन चालू आहे’ हे पहिलं वाक्य बोला. तिथे ओपिऑइडचा असर उतरवणारं नॅलॉक्सोनचं इंजेक्शन देतील आणि तो कदाचित दोन मिनिटांत उठून बसेल, घरी चला म्हणून भांडेल. ऐकू नका. नॅलॉक्सोनचा असर तास-दीड तासात उतरतो, मेथाडोन अंगात तसंच असतं. पुन्हा श्वास मंदावू शकतो, म्हणून निदान रात्रभर तरी तिथेच.

रोजचं जाणं

डोस सिस्टरसमोर प्यायचा. वर पाणी प्यायचं, दोन शब्द बोलून दाखवायचे. यात अपमान वाटून घेऊ नका. औषध बाहेर विकलं जाऊ नये आणि दुसऱ्या कुणाच्या पोटात जाऊ नये, यासाठी ही काळजी आहे. आपला डोस मिलिग्रॅममध्ये लक्षात ठेवा, मिलिलिटरमध्ये नाही. औषधाचा दाटपणा ठिकाणागणिक वेगळा असू शकतो आणि ‘मी बारा मिली पितो’ यावरून दुसऱ्या डॉक्टरांना काही कळत नाही.

काही काळानंतर, केंद्राच्या नियमात बसत असेल तर, एखाद्या दिवसाचा डोस घरी मिळतो. तो कुलपात ठेवायचा, फ्रिजच्या दारात किंवा देवघराच्या फळीवर नाही. मोठ्या माणसाचा एक डोस लहान मुलाचा जीव घ्यायला पुरेसा असतो. खोकल्याच्या औषधासारखा दिसतो, हे विसरू नका.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी नेहमीचा डोस घ्या, दोन दिवसांचा मिळून नाही. तीन दिवस किंवा जास्त चुकले तर थेट डॉक्टरांकडे. शरीराची सवय उतरलेली असते, जुना डोस तेव्हा जास्त ठरतो. ते डोस कमी करून देतील. पाच दिवसांच्या वर गेलं तर जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात. डोस पिऊन लगेच उलटी झाली तर तिथल्या तिथे सिस्टरना दाखवा. घरी येऊन सांगितलं तर दुसरा डोस देता येत नाही.

कोकणातल्या माणसांना गणपती हा मोठा प्रश्न. पहिल्या वर्षी आम्ही गावी गेलोच नाही. काका रागावले, ते आम्ही ऐकून घेतलं. दुसऱ्या वर्षी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी दोन दिवसांची सोय केली. तो पहाटे पोचला, आरती केली, दुसऱ्या रात्री परत निघाला. तिकीट काढण्याच्या आधी केंद्राशी बोला, निघायच्या आदल्या दिवशी नाही. परदेशी नोकरीचा, विशेषतः आखाताचा विचार असेल तर आणखी आधी. तिथे अशी औषधं परवानगीशिवाय नेणं हा गुन्हा ठरतो. रशियात तर मेथाडोनवर बंदीच आहे.

बद्धकोष्ठता होणारच. पाणी, भाजी-फळं, फिरणं आणि तरी नाही जमलं तर डॉक्टरांकडून रेचक मागून घ्या. घाम फार येतो, उन्हाळ्यात विशेष. तोंड कोरडं पडून दात किडतात, त्यामुळे रात्री दात घासल्याशिवाय झोपू नका. चक्कर येऊन पडलात, छातीत धडधड झाली तर त्याच दिवशी सांगा. जास्त डोसवर काहींच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते, त्यासाठीच तो आलेख.

बायकांसाठी दोन ओळी, कारण त्यांना कुणी सांगत नाही. गर्द सुटली की बंद झालेली पाळी परत येते, पाळी नसतानाही दिवस जाऊ शकतात. गरोदर राहिलात तर घाबरून मेथाडोन बंद करू नका. अचानक बंद केल्यानं येणारी टर्की बाळाला जास्त धोक्याची. उपचार चालू ठेवून बाळंतपण होतं, बाळाला काही दिवस त्रास होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. अंगावर पाजताही येतं.

दुसरी औषधं सुरू होतील तेव्हा

दुसऱ्या वर्षी भावाला टीबी झाला. आमच्या भागात ही नवलाची गोष्ट नाही. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि आठ-दहा दिवसांनी त्याला पुन्हा जांभया, नाक गळणं, पायात कळा. आम्ही काय समजलो, हे सांगायला नको. मी त्याच्या खिशात हात घातले. आईनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तो रडत शपथा घेत होता आणि आम्ही त्या शपथा आधीही ऐकलेल्या होत्या.

तो खरं बोलत होता. टीबीच्या औषधांमधलं रिफॅम्पिसिन यकृताला असं काही कामाला लावतं की मेथाडोन झपाट्यानं शरीराबाहेर जातं. डोस तेवढाच, पण अंगात उरतं फार कमी. केंद्रात सांगितल्यावर टप्प्याटप्प्यानं डोस वाढवला आणि तो आठवड्याभरात सावरला. टीबीचा कोर्स संपल्यावर उलटं होतं. मेथाडोन अंगात साठायला लागतं, म्हणून डोस पुन्हा हळूहळू खाली आणावा लागतो. टीबीवाल्यांना मेथाडोनचं सांगा, मेथाडोनवाल्यांना टीबीचं, दोन्हीकडच्या कार्डांवर लिहून घ्या. दोन खिडक्या एकाच आवारात असल्या तरी त्या आपोआप एकमेकींशी बोलत नाहीत.

रिफॅम्पिसिनसारखंच काम फिटच्या काही औषधांचं: फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन. एचआयव्हीच्या एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिनचंही. उलट बुरशीवरचं फ्लुकोनाझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन मेथाडोन अंगात वाढवू शकतात. म्हणजे दुकानातून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक आणायचे दिवस संपले.

आणि एक इंजेक्शन. अपघात, ऑपरेशन, मूतखडा अशा वेळी आपल्याकडे दुखण्यासाठी पेंटाझोसिन सर्रास देतात. मेथाडोनवरच्या माणसाला ते दिलं की काही मिनिटांत जबर टर्की लागते. ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन आणि ओपिऑइडचा असर रोखणारी नाल्ट्रेक्सोनची गोळीही तशाच. ऑपरेशनच्या वेळी मेथाडोन चालूच ठेवतात आणि दुखण्यासाठी वेगळं औषध वरून द्यावं लागतं. ‘हा मेथाडोन पितो, म्हणजे याला दुखणार नाही’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा की याला इतरांइतकंच दुखतं.

‘कधी सुटणार?’

हा प्रश्न तिसऱ्या महिन्यात घरात येतो. माणूस कामाला लागलेला असतो, अंगावर मांस चढलेलं असतं आणि कुणीतरी म्हणतं, आता बास की ते औषध. आमच्याकडे स्थळं यायला लागली होती. भावानं आम्हाला न सांगता डॉक्टरांकडून डोस भराभर कमी करून घेतला. त्यानंतर सातव्या आठवड्यात तो पुन्हा पुलाखाली होता. त्याची चूक म्हणवत नाही. रोज सकाळी आम्हीच तो प्रश्न विचारत होतो.

२०१७ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी आली. मेथाडोनवरच्या १ लाख २२ हजारांहून अधिक माणसांचा तो हिशेब. उपचारात असताना वर्षाला हजारात सुमारे ११ मृत्यू, उपचार सोडल्यावर सुमारे ३६. सोडल्यानंतरचे पहिले चार आठवडे सगळ्यात वाईट, कारण सवय उतरलेली असते आणि माणूस जुन्याच मापानं पुडी ओढतो. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आल्यावर आणि तुरुंगातून सुटल्यावरही हाच धोका असतो.

एक वर्ष ही कमीत कमी मुदत धरा. दोन, पाच, दहा वर्षं घेणारी माणसंही आहेत, काही जन्मभर. कमी करायचंच असेल तर विचार त्याच्याकडून यावा, आणि घर, काम, झोप, मित्र हे सगळं बराच काळ जागेवर असताना. दर वेळी पाच-दहा टक्के, मधे काही आठवडे. मधे कुठेही टर्की किंवा ओढ वाढली तर थांबा, लागलं तर पुन्हा वर जा. त्यात हार नाही. ‘औषध कधी बंद होणार’ याऐवजी मी आता भावाला ‘आज जेवलास का’ एवढंच विचारते. त्याला दोन्ही प्रश्नांतला फरक कळतो, असं त्यानं एकदा सांगितलं.

आणि ‘गर्दुल्ला’ हा शब्द घरातून काढा. केंद्रात पहिल्या दिवशी सिस्टरनी त्याला ‘दादा’ म्हटलं. घरी आल्यावर त्यानं मला सांगितलेली पहिली गोष्ट तीच होती.

खिशातलं कार्ड

केंद्राचं कार्ड कधी घरी राहतं, कधी पावसात भिजतं. म्हणून भावाच्या पाकिटात मी प्लॅस्टिकमध्ये घातलेली एक चिठ्ठी ठेवली आहे. तशीच करा, डोस बदलला की नवी लिहा:

मी मेथाडोनवर आहे. डोस रोज ___ मिलिग्रॅम, सकाळी. शेवटचा बदल ___ तारखेला.
पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन, नाल्ट्रेक्सोन देऊ नका.
झोपेची औषधं देण्याआधी केंद्राला विचारा.
बेशुद्ध असेन तर नॅलॉक्सोन द्या आणि निदान रात्रभर देखरेखीत ठेवा.
चालू असलेली इतर औषधं: ___
केंद्राचा फोन: ___ घरचा फोन: ___